भिंतीची ओल, कपाटातली बुरशी: विदर्भातल्या गावात पहिला पावसाळा काढणाऱ्यांसाठी

बदली होऊन गावात आलेले शिक्षक, परिचारिका, बँकेतली मंडळी खोली बघतात ती बहुतेक मे महिन्यात. पारा ४५ ला टेकलेला असतो, भिंत हाताला चटका देते. माणूस पंखा चालतो का, बोअरला पाणी आहे का, संडास बरा आहे का, एवढं बघतो आणि हो म्हणतो. ओल कुठे येते हे विचारायचं कुणाला सुचत नाही. जूनच्या मध्यावर पाऊस उतरतो, जुलैत झड लागते, आणि एका सकाळी कपाटातल्या कातडी पट्ट्यावर हिरवट बुरा दिसतो, उशीला कुबट वास येतो. घरमालकाला सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं: "पावसाळ्यात होतेच जी थोडं."

थोडं होतंच, हे खरं आहे. बुरशीचे बीजाणू हवेत बारमाही असतात, ते कुणालाच हाकलता येत नाहीत. त्यांना रुजायला लागतं ते पाणी, आणि ते आपल्याला अडवता येतं. त्यामुळे इथे पुसायच्या औषधांपेक्षा पाण्याचा माग काढण्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी गाव कुठलं ते बघा

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा पट्टा. पाऊस जास्त, बांध्यांत पाणी तुंबलेलं, हवा चार महिने दमट. इथे बुरशी जास्त त्रास देते. अकोला, बुलडाणा, अमरावतीकडे पाऊस कमी, पण खाली काळी कपाशीची जमीन. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यासोबत पाया हलतो, भिंतीला तिरप्या चिरा पडतात आणि पुढच्या पावसात त्याच चिरांतून पाणी आत येतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात तर खारपाणपट्टाच आहे, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. तिथे भिंतीला बुरशीपेक्षा खार जास्त फुटतो आणि नवीन माणूस त्यालाच बुरशी समजतो.

दोन्ही ओळखायला एक थेंब पाणी पुरतं. भिंतीवरचा पांढरा फुलोरा चमच्याने खरवडून थेंबात टाका. खार असेल तर कुरकुरतो आणि बहुतेक विरघळून जातो. बुरशी विरघळत नाही, ओल्या कापसाला काळी-हिरवी माखते. हे आधी पक्कं करा, कारण दोघांवरचा इलाज उलटा आहे: खार कोरड्या कुंच्याने झाडायचा असतो, बुरशीला कोरडा कुंचा कधीच लावायचा नसतो.

पहिलं काम: टॉर्च घेऊन घर फिरा

दिवे मालवा. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात रंगाचे फुगे, पोपडे, भिजून वाळलेल्या पाण्याची किनार, सगळं उठून येतं. कपाटाच्या मागे, दिवाणाखाली, मोरीच्या पलीकडच्या भिंतीला, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत आणि छत-भिंतीच्या सांध्यात बघा. नवा रंग दिलेला एकच चौकोन दिसला तर तिथेच थांबा. सगळी भिंत सोडून तेवढाच तुकडा कुणी हौसेने रंगवत नाही.

घर अजून घ्यायचं असेल तर शेजारच्या बाईंना विचारा. घरमालकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं: मागच्या झडीत कुठे बादली ठेवावी लागली, कुठल्या खोलीत धानाची पोती ठेवत नाहीत.

दुसरं काम: पाणी कुठून येतं ते ठरवा

बाकी सगळं यावर उभं आहे, म्हणून घाई करू नका. ओलीचा डाग कुठे आहे आणि कसा आहे, यावरून पुष्कळ कळतं.

फरशीपासून वर गुडघ्या-कमरेपर्यंत ओल, वरच्या बाजूला खाराची नागमोडी किनार: ही जमिनीतून चढणारी ओल. विटा पाणी वर ओढतात. ते अडवायला जोत्याच्या माथ्यावर काँक्रीट आणि डांबराचा ओलरोधक थर द्यायचा असतो. सरकारी घरकुल योजनेच्या अनुदानात घर पुरं करताना हात आखडतो तो अशाच न दिसणाऱ्या कामांवर. शिवाय गावातला सिमेंट रस्ता दर वेळी जुन्यावरच चढवतात. दहा-पंधरा वर्षांत रस्ता वर आणि घराचं जोतं खाली, असं होऊन बसतं आणि रस्त्याचं पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी येतं.

भिंतीच्या मधोमध ओलाचा पट्टा आणि तो पश्चिमेकडच्या भिंतीला जास्त: हे वाऱ्यासोबत आपटणारं पावसाचं पाणी. बाहेरून गिलावा नसलेल्या, कच्च्या भाजलेल्या विटांच्या भिंतीत हे हमखास होतं. वीट तपासायची असेल तर एक कोरडी वीट तोला, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुन्हा तोला. वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी प्यायली, म्हणजे तीन किलोच्या विटेने सहाशे ग्रॅमच्या वर ओढलं, तर ती वीट उघडी ठेवण्याच्या लायकीची नाही.

छतावर पिवळट-तपकिरी कडी असलेले गोल डाग: वरून गळती. डाग जिथे दिसतो, भोक तिथेच असतं असं नाही. स्लॅबमध्ये पाणी सळईच्या कडेने चार-पाच फूट सरकून मग खाली उतरतं. पुढेमागे वर मजला चढवू म्हणून कॉलमच्या सळ्या मोकळ्या सोडलेल्या घरांत हे फार दिसतं. त्या सळ्या गंजतात, गंज फुगून काँक्रीट फोडतो आणि पाण्याला वाट मिळते.

डागाला किनार नाही, खार नाही, नुसते काळे ठिपके कोपऱ्यांत, कपाटामागे, दाराच्या पाठीमागे: ही बाहेरची ओल नाही, आपल्याच घरातली वाफ आहे. चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि ओले कपडे मिळून रोज सुमारे आठ-दहा लिटर पाणी हवेत जातं. नुसता एक किलो गॅस जळला तरी दीड किलोच्या वर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमागे वीस लिटरहून जास्त. घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसकट २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. तेवढ्या जागेत ही वाफ थंड भिंत शोधून तिथेच बसते.

तरीही शंका उरली तर पॉलिथिनची परीक्षा घ्या. डागावरची जागा कोरड्या फडक्याने पुसून तासभर पंख्याखाली सुकू द्या. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस विसरून जा. मग बघा. थेंब पॉलिथिनच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती खोलीतली वाफ. दोन्हीकडे असतील तर दोन्ही आहे, आणि गावातल्या घरांत तसं निघणं काही नवलाचं नाही. फरशीसाठीही हीच परीक्षा चालते.

फरशीवरून आठवलं. पहिल्या पावसानंतर कडप्पा किंवा टाइल्सना घाम फुटतो तेव्हा लोक "जमीन पाझरली" म्हणून घाबरतात. बऱ्याचदा ती गार फरशीवर बाहेरची दमट हवा निवून झालेली ओल असते. अशा वेळी खिडक्या उघडल्या की घाम वाढतो. पंखा लावून पुसून घ्या, फरशी थोडी तापली की थांबतं.

छप्पर कसलं, त्यावर पुढचं ठरतं

कवेलूचं (कौलांचं), मातीच्या भिंतींचं घर असेल तर गळती शोधणं सोपं आहे: भर दुपारी आत अंधार करून वर बघा, उजेडाचे टिपके मोजा. कवेलू फेरायचे ते मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत. पण नुसतं फेरून भागत नाही. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की दहा-वीस कवेलू फुटलेच, म्हणून शे-दीडशे कवेलू जास्तीचे घेऊन ठेवतात. पाऊस सुरू असताना वर चढू नका. शेवाळलेल्या कवेलूवर पाय टिकत नाही.

मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करणं ही मात्र चूकच, मग गावात दहा घरांनी केलेली असो. मातीची भिंत ओल पिते तशी सोडतेही. सिमेंटचं कवच चढलं की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही, पायथा आतल्या आत चिखल होतो, आणि वरून भिंत धडधाकट दिसत राहते. मातीला मातीचाच किंवा चुन्याचा लेप द्यावा.

टिनाच्या घरात पाणी शिरतं ते स्क्रूच्या भोकांतून आणि टिना-भिंतीच्या सांध्यातून. स्क्रूखालचं रबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकतं. ते बदलणं हे पाचशे-हजाराचं काम लोक वर्षानुवर्षं ढकलतात. दुसरी गोष्ट, पहाटे गार पडलेल्या टिनाच्या खालून थेंब पडतात, त्याला गळती समजून वरून डांबर लावत बसू नका. टिनाखाली बांबूचे तट्टे बसवून मध्ये वीतभर हवा खेळती ठेवली की ते कमी होतं, उन्हाळ्यातही बरं पडतं.

स्लॅबवर पाणी किती वेळ साचून राहतं ते बघा. पाऊस थांबून दिवस उलटला तरी डबकं असेल तर उतार चुकला आहे. पन्हाळ्याचं तोंड पानांनी बुजलेलं असतं, ते आधी मोकळं करा. गच्चीवर पऱ्हाट्या आणि तुराट्या (कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडं) रचून ठेवायची पद्धत आहे. त्यांच्याखाली स्लॅब महिनोन्‌महिने ओला राहतो.

झड सुरू असताना काय करायचं

दुरुस्ती नाही. ओल्या भिंतीवर गिलावा, पुट्टी, रंग, वॉटरप्रूफिंग, काहीही टिकत नाही. मिस्त्री "आजच लावून देतो" म्हणाला तरी थांबवा. झडीत फक्त नुकसान कमी करायचं.

कपाट, दिवाण, पुस्तकांची रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. खाली विटा द्या. आठवड्यातून एकदा कपाट उघडं टाकून तासभर पंख्यासमोर ठेवा. डांबराच्या गोळ्या कसरीला मारतात, बुरशीला नाही. वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचंही तेच. ताजा पाला तर कपाटात ठेवूच नका, तो ओलच घेऊन येतो.

ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालायचे नाहीत. सपरीत, छपरीत, जिथे वारा आहे तिथे दोरी बांधा. नाइलाजाने आत घालावेच लागले तर एकाच खोलीत घाला, दार लावा, खिडकी फटीएवढी उघडी ठेवा आणि पंखा चालू ठेवा. भाताच्या, वरणाच्या भांड्यावर झाकण ठेवा. स्वयंपाकघरातून वाफ बाहेर जायला वर एक जाळी नसेल तर घरमालकाला सांगून विटेएवढं भोक पाडून घ्या, आणि जमलं तर तिथे छोटा पंखा बसवा.

खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद? भर पावसात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, ती दिवसभर आत घेऊन काही वाळत नाही. पाऊस उघडला, ऊन पडलं की सकाळी दहा-अकरापासून चारपर्यंत समोरासमोरची दारं-खिडक्या सताड उघडा. संध्याकाळी बंद करा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतं. आकडा ६० च्या आत राहिला तर निश्चिंत. सतत ७० च्या वर असेल तर बुरशी येणार हे धरून चाला. गोंदिया-गडचिरोलीकडे जुलै-ऑगस्टमध्ये ६० चा हट्ट धरू नका, निदान कपाटातला आणि गादीजवळचा आकडा कमी ठेवा.

आता कुलर. विदर्भाबाहेरून आलेल्यांना हे कुणी सांगत नाही. कुलर हवा गार करतो ती तिच्यात पाणी मिसळून. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो वरदान आहे. पाऊस सुरू झाल्यावर उकडतं म्हणून तोच कुलर पाण्यासकट चालवला तर गारवा येत नाही, नुसती ओल खोलीत भरते. मृग लागला की पाणी बंद, नुसता पंखा चालवा. नंतर टाकी रिकामी करून घासा. ताट्या (कुलरच्या बाजूंच्या गवताच्या जाळ्या) काळ्या पडल्या असतील, आंबूस वास येत असेल तर टाकून द्या, पुढच्या वर्षासाठी जपू नका. आणि कुलर टेकलेल्या खिडकीखालची भिंत बघा: तीन महिने ती थेंबथेंब भिजलेली असते.

बुरशी काढायची कशी

तोंडाला एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्याला साधा चष्मा तरी हवा. दमेकरी, लहान मुलं, गरोदर बाई आणि आजारी माणूस त्या वेळी घरात नको. खिडकी उघडी, पंखा मात्र बंद, नाहीतर बीजाणू घरभर उडतात.

आधी डाग साबणाच्या पाण्याने ओला करा. ओला झाल्यावरच घासा. कोमट पाण्यात धुण्याची पावडर किंवा धुण्याचा सोडा पुरतो. फडकं वारंवार पिळा, पाणी बदला, शेवटी फडकं फेकून द्या. मग ती जागा पंखा लावून पूर्ण वाळवा. सगळ्यात महत्त्वाचं हेच वाळवणं, आणि नेमकं तेच लोक सोडून देतात. काच, टाइल्स, लोखंडी कपाट यांवर एवढ्याने काम होतं.

गावात पुष्कळ जण विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीतून आणून भिंतीला फासतात. टाइल्सवर ठीक. गिलाव्यात तिचं पाणी मुरतं, वरचा रंग उडतो, आतलं मूळ जिवंत राहतं, आणि भिंतीला ओल मात्र वाढीव मिळते. वापरायचीच तर एक लक्षात ठेवा: ती संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळायची नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि लहानशा न्हाणीत तो जिवावर बेततो.

कापसाची गादी आतून कुबट झाली असेल तर वरून पुसून काही होत नाही. कडक उन्हात दोन-तीन दिवस उलटीपालटी करून बघा, वास गेला नाही तर कापूस बदला. फुगलेला प्लायवूड टाकून द्या. बुरशी दारभर जागेपेक्षा जास्त पसरली असेल तर स्वतः घासत बसू नका. मूळ पाणी बंद करून गिलावा फोडूनच काढावा लागेल.

दसऱ्यानंतरची कामं

पाऊस परतल्यावर ऑक्टोबरचं ऊन भिंत वाळवतं. दिवाळीच्या घाईत रंग उरकू नका. पॉलिथिन पुन्हा चिकटवून बघा, कोरडं निघालं तरच रंगाचं बोला.

काम बाहेरून सुरू करा. भिंतीलगतची माती, शेणखत, कुटाराचा (गुरांच्या भुशाचा) ढीग हटवा. घराला लागून अडीच-तीन फुटांचा पट्टा मुरूम-गिट्टी ठोकून बाहेर उतार देऊन पक्का करा. वळचणीचं पाणी त्याच पट्ट्यावर पडून लांब गेलं पाहिजे. न्हाणीचं पाणी सांदवाडीत (मागच्या परसात) भिंतीशीच मुरत असेल तर ते पाइपने दहा-बारा फूट दूर न्या. काळ्या जमिनीत शोषखड्डा लवकर तुंबतो, कारण ती चिकणमाती पाणी आत घेत नाही. त्यापेक्षा केळी, अळूच्या वाफ्यात सोडलेलं बरं.

खार लागलेल्या भिंतीचा गिलावा डागाच्या वर हात-दीड हातापर्यंत फोडा, विटांमधले सांधे खरवडा, कोरड्या कुंच्याने झाडा आणि भिंत दोन-तीन महिने उघडी राहू द्या. खार हवेतलं पाणी ओढतो. म्हणूनच कुठेही गळती नसताना दर पावसाळ्यात तोच डाग ओला होतो. नव्या गिलाव्याला बोअरचं खारं पाणी वापरलं तर दोन वर्षांत पुन्हा तेच. खारपाणपट्ट्यात गिलाव्यापुरतं गोडं पाणी टँकरने आणलं तरी परवडतं. रेतीही धुतलेली घ्या.

रंग म्हणाल तर ओलसर खोलीत आतून चुना सगळ्यात चांगला. भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि ताजा चुना इतका तीव्र असतो की बुरशी त्यावर सहज रुजत नाही. चुनकळी विझवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. ती उसळते आणि डोळ्यात गेली तर डोळा जातो. रात्रभर मुरू द्या, फडक्यातून गाळा, पातळ तीन हात द्या. चुन्यात तांदळाची पेज किंवा खळ घालायची जुनी रीत आहे. कोरड्या ओसरीत चालते, ओल्या खोलीत नको, कारण पेज हे बुरशीचं खाद्य आहे. ओल्या भिंतीवर महागाचा प्लास्टिक रंग दिला की पहिल्याच पावसात तो फुगून सोलून येतो.

घरात माल ठेवत असाल तर

भाड्याच्या घरातली एक खोली घरमालकाने स्वतःच्या मालासाठी ठेवलेली असते: भाव येईपर्यंत कापूस, नाहीतर सोयाबीन, तूर, धान. ओला कापूस भरला की तो शेजारच्या खोलीपर्यंत दमटपणा आणतो. भारतीय कपास निगम कापूस घेताना ८ ते १२ टक्के ओलाव्याची मर्यादा पाळतं, त्यामुळे वाळवून भरण्यात मालकाचाही फायदाच आहे, हे त्याला तसंच सांगा. पोती फळ्यांवर किंवा बांबूवर, भिंतीपासून हातभर दूर. बुरशी लागलेले शेंगदाणे, मका धुऊन किंवा शिजवून खाऊ नका आणि गुरांनाही घालू नका. त्यातलं विष शिजवल्याने जात नाही.

हे मात्र थांबवून ठेवू नका

स्विचबोर्डच्या भिंतीला ओल आली, बटण दाबताना मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि वायरमन येईपर्यंत सुरू करू नका. टिनाच्या घरात तर अजिबात नाही.

मातीची भिंत मधोमध पोट काढू लागली, पायथ्याला बोट रुततंय, चिरेत बोटाचं पेर जातंय, आढ्याशी भिंत आणि लाकूड यांत नवी फट पडली, यांतलं एकही दिसलं तर त्या भिंतीजवळ झोपायचं नाही. बिछाने त्याच रात्री हलवा. शेजारी नाही तर शाळेत किंवा समाजमंदिरात सोय होते. सलग दोन-तीन दिवसांच्या झडीनंतर, आणि कधी पाऊस थांबल्यावरही, अशा भिंती बसतात. पडझड झालीच तर मलबा उचलण्याआधी फोटो काढा, तलाठ्याला लगेच कळवा. नुकसानभरपाई पंचनाम्यावर ठरते. घर मालकाचं असलं तरी आत भिजलेल्या तुमच्या धान्या-सामानाची नोंद त्याच वेळी करून घ्या.